यंत्र कानात आहे का?

निशिगंधा भोकरे निवृत्त झाल्या आणि हातात आलेल्या पैशांतले दोन लाख त्यांनी पहिल्याच आठवड्यात बाजूला काढले. "हे माझे नाहीत," असं त्यांनी घरी सांगून टाकलं. मग कोणाचे, हे ठरवायला मात्र त्यांना पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांतल्या बहुतेक फेऱ्यांना गाडी माझी होती, म्हणून सगळं मला जवळून पाहायला मिळालं.

माझा नवरा हवाई दलात. चंदीगडला येऊन आम्हाला जेमतेम वर्ष झालं होतं, आणि महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मोदकांच्या उकडीवरून आमची ओळख झाली होती. निशिगंधाताई मूळच्या इचलकरंजीच्या. सेक्टर एकोणचाळीसमधल्या सरकारी संशोधन संस्थेत बत्तीस वर्षं तांत्रिक अधिकारी. काम काय, तर सूक्ष्मजीव सुकवून काचेच्या बारीक नळ्यांत सीलबंद करायचे आणि जपून ठेवायचे. "आणि अधूनमधून त्यातली एखादी नळी फोडून बघायची, आतला जीव अजून वाढतोय का," त्या सांगायच्या. "नुसत्या कपाटात हजारो नळ्या दिसतात म्हणून खूश व्हायचं नाही."

पैसे कशासाठी द्यायचे ते पक्कं होतं. त्यांचा धाकटा भाऊ विनायक लहानपणापासून ऐकू न येणारा. म्हणून ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी. कोणत्या संस्थेला द्यायचे, एवढंच ठरायचं होतं.

यजमानांना, नंदकुमारांना, त्यात अवघड काही दिसत नव्हतं. "करसवलतीची ऐंशी-जीची पावती मिळते ना? मग दे आणि मोकळी हो."

मुलगा गंधार आयटी पार्कमध्ये नोकरीला. त्याला मराठी सगळं कळतं, बोलतो मात्र हिंदीत. एका रविवारी त्याने तीन संस्थांचे वार्षिक अहवाल उतरवून घेतले आणि तक्ता करून आईसमोर ठेवला. "मम्मा, सिंपल है. सौ रुपये में से कितना ऑफिस और तनख्वाह में जाता है, बस वो देखो."

पहिल्या संस्थेत शंभरातले चार रुपये जात होते, दुसरीत सव्वीस. तिसरी तर थेट एकोणचाळीसवर होती.

"पहली वाली. पक्का," गंधार म्हणाला.

ताईंनी तक्ता दोनदा वाचला. "उरलेल्या शहाण्णवाचं काय होतं?"

"मशीनें, मम्मा. कान की मशीनें बाँटते हैं. ग्यारह सौ, एक साल में."

"वाटतात. बरं. आणि पुढं?"

तक्त्यात त्याचं उत्तर नव्हतं. मला वाटतं, गोष्ट खरी इथून सुरू झाली.

मार्चच्या एका सकाळी आम्ही पहिल्या संस्थेत गेलो. छोटं, स्वच्छ ऑफिस. भिंतीवर शिबिरांचे फोटो, प्रत्येक फोटोत रांगेने बसलेली मुलं. सचिव सत्तरीचे गृहस्थ, निवृत्त बँक मॅनेजर. त्यांनी स्वतः उठून आम्हाला चहा दिला. "हमारे यहाँ कोई तनख्वाह नहीं लेता जी," ते म्हणाले, आणि ते खरं होतं. हिशेब अगदी चोख. ताईंनी मागितली ती प्रत्येक पावती त्यांनी न कुरकुरता दाखवली.

"गेल्या वर्षी यंत्रं मिळाली त्यातल्या काही मुलांना भेटता येईल का?" ताईंनी हिंदीत विचारलं.

"क्यों नहीं!" सचिवांनी लगेच चार नावं लिहायला घेतली.

"तुम्ही नका निवडू, रागावू नका हं. पूर्ण यादी द्या. नावं मी काढते."

सचिव हसले. चंदीगडमधल्या कुटुंबांना त्यांनी आधी फोन करून विचारलं आणि ज्यांची हरकत नव्हती त्यांची यादी दुसऱ्या दिवशी दिली. सत्तरएक नावं होती. ताईंनी दर सातव्या नावावर खूण केली. दहा घरं निघाली.

पुढचे तीन शनिवार आम्ही ती दहा घरं हुडकत मलोया, डड्डूमाजरा, हल्लोमाजरा असे फिरलो. मी तोपर्यंत सुखना तलाव आणि सेक्टर सतराच्या पलीकडचं चंदीगड पाहिलंच नव्हतं.

मलोयातल्या पहिल्या घरात हरजोत नावाची सात वर्षांची मुलगी होती. तिच्या आईने पाणी दिलं, खुर्च्या पुसल्या. ताईंनी यंत्राचं विचारताच तिने लोखंडी कपाट उघडलं, वरच्या कप्प्यातून स्टीलचा डबा काढला आणि डब्यातून रुमालात गुंडाळलेलं यंत्र. नवंकोरं.

"घालत नाही का?"

"घालत होती जी, दोन महिने. मग कानातला तो रबरी साचा बसेना. सारखी शिट्टी वाजायला लागली. रडायची."

मुलांचे कान वाढतात, त्यामुळे कानात बसणारा साचा काही महिन्यांनी नवा करावा लागतो, हे आम्हाला दोघींनाही तोवर माहीत नव्हतं. त्या आईलाही कुणी सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्या घरात सेल संपला होता, आणि तो बारीक सेल कुठे मिळतो ते वडिलांना ठाऊक नव्हतं. तिसऱ्या घरात आजीने यंत्र ट्रंकेत कुलूप लावून ठेवलं होतं. एवढी महागाची वस्तू पोराने हरवली म्हणजे? चौथ्या घरातला मुलगा मात्र दारातच आम्हाला भेटला, दोन्ही कानांत यंत्रं. त्याचे वडील रुग्णालयात वॉर्डबॉय होते, तिथल्या कुणाकडून साचे बदलून घ्यायचे.

दहापैकी यंत्र कानात होतं तिघांच्या.

शेवटच्या घरातून परत येताना ताई सेक्टर अडतीसच्या सिग्नलला म्हणाल्या, "विन्याला बाबांनी यंत्र आणलं होतं. मिरजेहून. छातीवर डबी लावायची आणि वायर कानात. त्यानं महिनाभर लावलं आणि एक दिवस काढून ठेवलं ते ठेवलंच. बाबांनी दोन थोबाडीत दिल्या. आम्ही सगळे म्हणालो, हट्टी आहे. का काढलंस, असं त्याला कुणी विचारलंच नाही गं. मीपण नाही."

सिग्नल सुटला. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला तेव्हा माझ्या लक्षात आलं.

दुसऱ्या संस्थेने मुलांना भेटू द्यायला नकार दिला. अहवालात फोटोच फोटो, पण ताईंच्या तीन पत्रांना एकाच मजकुराचं उत्तर आलं, त्यात पैसे जमा करायचा खातेक्रमांक होता. ती तिथेच गळाली. राहिली तिसरी, एकोणचाळीसवाली. गंधार म्हणाला, "मम्मा, वहाँ जाके टाइम वेस्ट मत करो." ताई म्हणाल्या, "वेळच आहे की माझ्याकडं."

ही संस्था खरड गावाच्या अलीकडे, एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत होती. चालवणारी जसलीन, पस्तिशीची, कान तपासण्याचं शिक्षण घेतलेली. आम्ही गेलो तेव्हा ती गुलाबी लगदा एका मुलाच्या कानात भरून साच्याचं माप घेत होती आणि मुलाला हसू आवरत नव्हतं. माप होईपर्यंत तिने आम्हाला बाकावर बसवून ठेवलं. चहाबिहा काही नाही.

ताईंनी सरळच विचारलं, "शंभरातले एकोणचाळीस रुपये तुम्ही पगारात आणि ऑफिसात घालता. एवढे का?"

जसलीन हात धूत होती. "कम हैं," ती म्हणाली. "खरं तर पन्नास हवेत."

आणि मग तिने सांगितलं. दोन तंत्रज्ञ आहेत, त्यांचा पगार. एक जुनी व्हॅन आहे, तिचं डिझेल. वर्षाला यंत्रं फक्त नव्वद देतात, पण प्रत्येक मुलाकडे वर्षातून चारदा जातात. साचा बदलतात, सेल देतात, आईला शिकवतात, शाळेत जाऊन बाईंना सांगतात की याला पुढच्या बाकावर बसवा. "हे सगळं हिशेबात पगार म्हणूनच दिसतं. देणारे तो आकडा बघतात आणि फोन ठेवून देतात."

"तुमच्या मुलांपैकी किती जण यंत्र वापरतात?"

जसलीनने टेबलावरून एक लांबडी वही पुढे सरकवली. एक वर्ष पूर्ण झालेली एकशे बासष्ट मुलं. प्रत्येक भेटीची तारीख, आणि शेवटी एक रकाना, 'चल रही है' किंवा 'नहीं चल रही'. न वापरणारी एकेचाळीस. प्रत्येकापुढे कारण लिहिलेलं, आणि काही ठिकाणी नुसतंच प्रश्नचिन्ह.

"हे तुम्ही सगळ्यांना दाखवता?"

"कोणी विचारलंच नव्हतं आतापर्यंत."

ताईंनी इथेही दर सोळावं नाव काढलं. जसलीन फोन लावून देत गेली, घरच्यांनी या म्हटलं की आम्ही निघायचो. पुन्हा दहा घरं, या वेळी मोहालीच्या पलीकडच्या गावांतून, गव्हाची कापणी चाललेली. आठ मुलांच्या कानांत यंत्र होतं. न वापरणारी दोन, आणि वहीतही त्या दोघांपुढे 'नहीं' हेच होतं. ताईंना आठ या आकड्याचं जेवढं समाधान वाटलं नाही, तेवढं त्या दोन जुळलेल्या 'नहीं'चं वाटलं. गाडीत त्यांनी मला हे तीनदा सांगितलं.

पैसे देताना त्यांनी अट घातली नाही. नंदकुमार म्हणाले, "निदान यंत्रांसाठीच वापरा असं तरी लिही. डिझेलात जाळायचे का?" ताईंनी पत्रात उलट लिहिलं की पगार आणि डिझेल, जे अडेल त्याला वापरा. गंधारने पत्र टाइप करून दिलं. मग स्वतःच विचारलं, "मम्मा, उनका रजिस्टर कंप्यूटर पे डाल दूँ?" दोन रविवार तो खरडला जाऊन बसला.

पहिल्या संस्थेच्या सचिवांना त्या स्वतः भेटून आल्या. मीही होते. दहा घरांत काय दिसलं ते त्यांनी आवाज न चढवता सांगितलं. म्हाताऱ्या गृहस्थांचा चेहरा उतरला. "ग्यारह साल से बाँट रहे हैं हम," ते म्हणाले. ताईंनी त्यांना जसलीनच्या वहीचंही सांगितलं. मग त्यांनी जसलीनचा नंबर मागितला. त्या जून महिन्यात त्यांचं शिबिर झालंच नाही. जसलीनच्या एका तंत्रज्ञाला महिन्यातले आठ दिवस त्यांच्या जुन्या यादीतल्या घरी पाठवायचं ठरलं, पगाराचा वाटा त्यांनी उचलला. त्यांच्या काही विश्वस्तांना ते अजून पटलेलं नाही, असं ऐकते. हरजोतचा नवा साचा त्या आठ दिवसांतच झाला.

ताई आता दर गुरुवारी खरडला जातात. काम त्यांनी स्वतःच मागून घेतलं, वहीतल्या प्रश्नचिन्हांचं. ज्या घरी यंत्र का चालत नाही ते कळत नाही, तिथे जाऊन बसायचं. शेवटची फेरी मी त्यांच्याबरोबर केली ती कुराळीजवळच्या एका घरी, दहा वर्षांच्या मुलीकडे. साचा नीट, सेल ताजा, शाळेत यंत्र लावते, घरी काढून ठेवते. आई म्हणत होती, विसरते. ताईंनी मुलीला अंगणात नेलं, तिच्या वहीच्या कागदावर हिंदीत लिहून विचारलं. मुलीने खाली लिहिलं, "पापा जब चिल्लाते हैं तब निकाल देती हूँ. फिर अच्छा लगता है."

ताईंनी तो कागद तिच्याकडून मागून घेतला. ऑफिसात परतल्यावर त्यांनी कागद जसलीनपुढे ठेवला आणि विचारलं, "हिच्यापुढं रकान्यात काय लिहायचं?"

जसलीनने कागद दोनदा वाचला. "पता नहीं, आंटीजी," ती म्हणाली. "पुढच्या गुरुवारी परत जाऊ या. दोघी."