ईश्वरीचं म्हातारपण

बीडच्या एसटी स्टँडासमोर सोमेश्वरनं आधी रेडिओ दुरुस्त केले, घरोघर टीव्ही आले तसे टीव्ही केले. नव्वदीच्या शेवटी क्लासवाल्यांनी गावभर कॉम्प्युटरचं वेड लावलं, तेव्हा यानंही एक जुना कॉम्प्युटर आणून दुकानात मांडला. गाडी चुकलेली माणसं तिथं गेम खेळत वेळ काढायची.

त्याचा दोस्त इसाक मेकॅनिक. त्यानं औरंगाबादहून एक सीडी आणली. गेम सगळा माणसाच्या आयुष्याचा. नाव टाकलं की बाळ रांगायला लागायचं, शाळेत पाय घसरून पडायचं, लग्नात केकमध्ये तोंड बुडवायचं, म्हातारपणी शिंकलं की कवळी उडायची. बटण चुकलं की कुठल्याही वयात फुस्सकन मरायचं, आणि बघणारे पोट धरून हसायचे.

घरी मात्र हसू जपून होतं. त्याच्या बायकोची, शिवगंगाची, आधीची दोन्ही बाळंतपणं सातव्यातच वाया गेलेली. हे तिसरं. पोरगीच होणार असं तिनं धरलेलं, नावही ठरवलेलं. ते तिनं एकट्या नवऱ्याला सांगितलं आणि बजावलं, की बारशाला आत्यानं कानात कुर्र करेपर्यंत हे नाव तिसऱ्या माणसाला कळता कामा नये.

सोमेश्वर कुणाजवळ बोलला नाही. पण सीडी पहिल्यांदा लावली तेव्हा नावाशिवाय गेम पुढं सरकेना, आणि या शहाण्यानं मनात होतं तेच टाकलं. टाकणं म्हणजे काही सांगणं नव्हे, असं त्याला वाटलं. पुढं बदलू म्हणता म्हणता गिऱ्हाईक यायचं आणि राहून जायचं. स्टँडावरचे रिक्षावाले दिवसभर ईश्वरीला खेळवू लागले.

सातवा लागला तशी शिवगंगा लिंबागणेशला माहेरी निघाली. गाडीला वेळ होता म्हणून पिशवी घेऊन दुकानाशी आली, तर आतून एक रिक्षावाला हसत सांगत होता, "मेली बे ईश्वरी. पुन्ना मेली."

ती उंबऱ्यातच थांबली. सोमेश्वरला तिच्याकडं बघवेना. ती रडली नाही, भांडली नाही. बाकावर बसली आणि म्हणाली, "तिला म्हातारी करा. तवाच मी गाडीत बसन."

सोमेश्वर खेळायला बसला. ईश्वरी रांगली, शाळेत गेली, पडता पडता सावरली. मागं आता कुणी हसत नव्हतं. लग्न झालं, केस पिकले, हातात काठी आली. कवळी उडाली तेव्हा शिवगंगाचा चेहरा जरासा खुलला. मागं उभा असलेला इसाक वाकून हळूच म्हणाला, "आता थांबव. याच्या म्होरं काय हाय ते तुला ठाव हाय."

सोमेश्वरनं गेम थांबवला. म्हातारी काठी टेकून पडद्यावर उभी राहिली. पोरगी होईपर्यंत कॉम्प्युटरला कुणी हात लावायचा नाही, असं त्यानं सगळ्यांदेखत सांगितलं आणि पिशवी उचलून बायकोला गाडीपर्यंत सोडायला गेला.

ती खिडकीशी बसली. ड्रायव्हरनं गाडी चालू केली. तेवढ्यात स्टँडावरच्या भोंग्यातली बाई तेलगावच्या गाडीचं सांगता सांगता अर्ध्यातच बंद पडली. चौकशीच्या खिडकीतला पंखा मंदावत थांबला. सोमेश्वरच्या दुकानासकट समोरच्या सगळ्या दुकानांतली लाईट गेली होती.

शिवगंगानं खिडकीतून हात बाहेर काढून त्याची बोटं धरली.

"तिकडं चालू हाय न्हवं?"

"हाय," सोमेश्वर म्हणाला, आणि गाडी हलली.