मोलावर वरचं घालायचं नसतं

ओकबुन उन्नीला हिशेब येत नाही, असं कुणी म्हणालं तर भांडायला मला बरोबर घ्या. कोरियातल्या देगूच्या या बाजारात आमची दुकानं खेटून आहेत. ती लसूण विकते, मी सुकी माकुलं. वयाने ती मोठी, म्हणून मी तिला उन्नी, म्हणजे ताई म्हणते, आणि ती मला 'ए दोकसुन' म्हणते, तेही असं की पलीकडच्या गल्लीतली कुत्री उठून बसतात. हिशेब तिला येतो. तिचा हात सैल आहे, हे दुखणं वेगळं.

आमच्या बाजारात लसूण शंभराच्या मापाने विकतात. शंभर गड्ड्यांचा एक जॉप. माझी माकुलं विसाने जातात, पण ते सोडा. तर जॉप म्हणजे शंभर, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. उन्नी मात्र शंभर मोजते आणि मग वर तीन टाकते. गिऱ्हाईक ओळखीचं असलं तर पाच. गिऱ्हाइकाने पोराला आणलं असलं तर मग विचारूच नका. मी म्हणते, "उन्नी, अशाने एक दिवस दुकानच वर घालून देशील." ती म्हणते, "काटोकाट देणारा माणूस काटोकाटच जेवतो."

आम्ही दोघी दुपारी शाळेत जातो. हसू नका. आमच्यासारख्या, लहानपणी शाळा सुटलेल्या बायकांची ती शाळा आहे, आणि आम्ही आता तिथे हायस्कुलात आहोत. उन्नीला बाराव्या वर्षी घरी बसवलं. भाऊ शिकणार होते, लसूण कुणीतरी सोलायला हवा होता. भाऊ शिकले, चष्मे लागले, एक तर साहेब झाला. उन्नीच्या बोटांना लसणाचा वास लागला तो लागलाच. म्हणून शाळेच्या दिवशी ती लिंबाने हात घासते, आणि वर्गात बसली की सगळ्या वर्गाला लिंबू-लसणाचा वास येतो. आम्हाला भूक लागते.

रसायनशास्त्र शिकवायला बांग सर. माझ्या धाकट्या मुलीच्या वयाचे, पण असे कडक की अर्धा मार्क मागितला तर आधी पाव कापतील. आम्हाला सगळ्यांना ते मावशी म्हणतात. त्यांनी पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिलं, 'मोल'.

"अणू-रेणू इतके बारीक, की एकेक मोजता येत नाहीत," सर म्हणाले. "म्हणून त्यांचा एक गठ्ठा ठरवलाय. त्या गठ्ठ्याचं नाव मोल. कशाचाही मोल घ्या, नग तेवढेच. वजन मात्र ज्याचं त्याचं वेगळं."

बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. तेवढ्यात उन्नी म्हणाली, "म्हणजे आमच्या जॉपसारखं. लसणाचा जॉप उचलून नेता येतो, कोबीच्या जॉपला टेम्पो लागतो. नग दोन्हीकडे सारखेच."

सरांचा चेहरा खुलला. वर्षभरात मी तो तसा दोनदाच पाहिला, त्यातली ही पहिली वेळ. "शाब्बास. मावशी, सगळ्यांना सांगा, एका जॉपात नग किती?"

"एकशे तीन," उन्नी म्हणाली.

वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातले इतिहासाचे सर डोकावून गेले. बांग सर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर सहाशे दोन लिहिलं आणि पुढे एकवीस शून्यं काढली. "हा मोल. यात एकही जास्त नाही, एकही कमी नाही." ते मोठं लेंढार आटोपशीर कसं लिहायचं तेही दाखवलं, सहा पूर्णांक शून्य दोन, गुणिले दहाचा तेविसावा घात. घरी येताना बसमध्ये उन्नी माझ्या कानात म्हणाली, "सहा हा माल, आणि पुढचं ते शून्य दोन वरचं. बघ, ज्याने मोल बांधला तोही आपल्यातलाच." मी कपाळाला हात लावला. पण एक सांगते, तो आकडा मी त्या दिवसापासून विसरलेली नाही.

गणितं ती भराभरा शिकली. मोल दिले आणि ग्राम काढायचे, तर एका मोलाच्या वजनाने गुणायचं. ग्राम दिले आणि मोल काढायचे, तर भागायचं. "किती जॉप, तर किती किलो. किती किलो, तर किती जॉप. यात काय मोठं," ती म्हणायची. कॉस्टिक सोड्याचा एक मोल चाळीस ग्राम भरतो, आणि उन्नीचा एक चांगला गड्डाही चाळीस ग्राम भरतो. तो गड्डा हातात घेऊन ती बघत बसायची. "दोकसुन, एवढ्याशा वजनात एवढे नग. आणि आपण म्हणतो बाजारात गर्दी झाली."

घोडं अडलं ते प्रयोगात.

सर प्रत्येकीला एका चंबूत आम्ल द्यायचे. त्यात किती मोल आहेत ते वर चिकटवलेलं. या आम्लाला सोडा एकास एक लागतो, म्हणून तेवढ्याच मोलांचा सोडा ग्रामात काढायचा, तोलायचा, पाण्यात विरघळवून चंबूत ओतायचा. आत एका औषधाचे थेंब असत. माप बरोबर आलं तर पाणी फिकट गुलाबी होई. सोडा जास्त झाला तर थेट भडक राणी रंग.

उन्नीने गणित बरोबर केलं. सोडा बरोबर तोलला. मग चमच्याच्या टोकावर चिमूटभर घेतला आणि वर टाकला. चंबू लग्नातल्या शालूसारखा झाला.

"मावशी, जास्त का घातलात?"

"सर, अगदी मोजून दिलं तर समोरच्याला काय वाटेल?"

"समोर आम्ल आहे."

"असेना का."

पुढच्या वेळीही तेच. त्याच्या पुढच्या वेळीही तेच. तिला कळत होतं, पण हाताला कळत नव्हतं. जित्याची खोड. मी तिला घरी मिठावर सराव करायला लावलं, मनगटाला दोरी बांधून पाहिली, एकदा तर हातावर चापट मारली. ती म्हणाली, "अगं मी नाही टाकत, पडतं ते."

आणि यात भर म्हणून तिचा मुलगा. ग्यूचॉल वाईट नाही, आईच्या काळजीने बोलतो, पण बोलतो असं की मिरचीची धुरी परवडली. हिवाळ्याच्या तोंडी, घरोघरी कोबीचं लोणचं, किमची घालतात त्या गर्दीत, उन्नी दुकानात चक्कर येऊन पडली. तो गाडी घेऊन आला आणि सगळ्या गल्लीसमोर म्हणाला, "आई, दुकान आणि शाळा दोन्ही होत नाही तुझ्याने. या वयात मोल शिकून कुणाला घालणार आहेस? सोड ती शाळा."

उन्नी लसणाच्या पोत्यावर बसली होती, तोंड पांढरंफटक, पण जिभेला काही झालं नव्हतं. "या परीक्षेत नापास झाले तर माझं दप्तर उचल आणि तुझ्या गाडीत टाक. परत शाळेचं नाव काढणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

मला तिथल्या तिथे तिच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला. कारण बाकीचे विषय झाले होते. उरलं होतं एकटं रसायन, आणि त्यात निम्म्याहून जास्त मार्क प्रयोगाला. प्रयोग चुकला तर लेखी पेपर सोन्याने मढवला तरी उपयोग नव्हता. हे तिलाही माहीत होतं. त्या आठवड्यात ती गिऱ्हाइकांशी नीट बोललीसुद्धा नाही. फक्त वर तीन टाकत राहिली.

परीक्षेला आमची टेबलं शेजारी आली. आधी कागदावरची गणितं, ती झाली. मग सरांनी चंबू वाटले. उन्नीच्या चंबूवर लिहिलं होतं, शून्य पूर्णांक पंधरा मोल. चाळिसाने गुणून तिने सहा ग्राम काढले, माझ्याआधी काढले. तराजूवर कागद ठेवला, सोडा घातला. सहा. बरोबर सहा.

आणि चमचा परत बाटलीत गेला.

माझं माझ्या चंबूकडे लक्ष नव्हतं. बोलायची सोय नव्हती, सर पाठीशीच उभे. चमच्यावर चिमूटभर पांढरं घेऊन तिचा हात तराजूवर थांबला. मी मनात म्हटलं, उन्नी, नको गं, या एका गिऱ्हाइकाला नको. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. साठ वर्षं हिने सगळ्यांना वर घातलं, भावांना, सासरच्यांना, पोरांना, आणि आता त्याच चिमटीने हिची शाळा जाणार होती.

तिने चमचा बाटलीत झटकला. बूच लावलं. मग सोडा तसाच ठेवून ती आपल्या उत्तराच्या कागदाकडे वळली, आणि तळाला काहीतरी खरडत बसली. मला वाटलं, बाई धीर सोडून रडगाणं लिहितेय. लिहून झालं, तिने पेन खाली ठेवलं, सोडा विरघळवला आणि सगळाच्या सगळा चंबूत ओतला.

फिकट गुलाबी. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या तळव्याइतकं.

उन्नी खुर्चीत बसली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले, न जाणो.

निकालाच्या दिवशी ग्यूचॉल सकाळीच गाडी घेऊन दुकानाशी हजर. उन्नीचं दप्तर पोत्यावर ठेवलेलं. थोड्या वेळाने बांग सरच बाजारात आले, त्यांच्या आईने लसूण आणायला सांगितला होता. कागद त्यांनी उन्नीच्या हातात दिला. तिचा चष्मा सापडेना, म्हणून मी वाचला. पास. आणि नुसती पास नाही, माझ्यापेक्षा जास्त, जे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पण तळाला तिचं ते खरडलेलं होतं. न विचारलेलं एक गणित. 'माझा एक गड्डा चाळीस ग्राम. एक मोल गड्डे किती किलो? उत्तर: चोवीसवर एकवीस शून्यं, इतके किलो. दुकानात मावणार नाहीत. सर, हे वरचं.'

त्याखाली सरांनी लाल पेनने लिहिलं होतं, 'बरोबर. याला मार्क नाहीत. वरचं मिळालं.'

मी मोठ्याने वाचलं. ग्यूचॉलने कागद माझ्या हातातून घेतला आणि स्वतः वाचला, मग पुन्हा वाचला. आईचं दप्तर उचललं आणि गाडीत टाकलं.

"अरे, पास झालेय मी," उन्नी म्हणाली.

"माहितेय. दुपारी शाळेत सोडतो. ओझं घेऊन बसने कशाला जातेस?"

उन्नीने नाक पुसलं आणि सरांचा लसूण मोजायला घेतला. शंभर झाले. हात तिथेच थांबला. तिने सरांकडे पाहिलं, अगदी परीक्षेतल्यासारखं.

सर म्हणाले, "मावशी, हा बाजार आहे."

तिने वर तीन टाकले. वर्षभर चिमूटभर सोड्यासाठी तिला नापास करणाऱ्या त्या माणसाने पिशवी पुढे धरली आणि तिन्ही गड्डे निमूट घेतले. चेहरा खुलला होता. ती दुसरी वेळ.