भाकरीबाहेरचे तारे

सगळ्या वर्गाने एकदम मान डोलावली की राठोड सर फळा पुसून टाकायचे. "तुमी सारेच हो म्हनून राह्यले, म्हंजे माहं कुठी तरी चुकलं," म्हणत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पांढरकवड्याच्या शाळेत ते विज्ञान शिकवत, मी चित्रकला. केळापूरजवळच्या तांड्यातला हा उंच, सडपातळ माणूस मला कधी नावाने हाक मारत नसे. "ओ ड्रॉइंग मास्तर!"

त्रेसष्ट-चौसष्ट सालची गोष्ट असेल. यवतमाळला विज्ञान प्रदर्शन होतं आणि पहिलं बक्षीस होतं दुर्बीण. सर महिनाभर तिच्याबद्दलच बोलत होते. त्यांनी माझ्याकडून आकाशगंगेचं मोठं चित्र काढून घेतलं. मी मोठ्या हौसेने भाकरीसारखी चपटी, झगझगीत आकाशगंगा रंगवली.

"भाकर झ्याक झाली," सर म्हणाले. "पन बाहेरचे कुठी हायेत?"

"बाहेरचे कोण?"

"म्हातारे तारे. भाकरीच्या वर, खाली, दूर दूर पसरले हायेत ना! पहिले सारा वायूचा गोल ढग होता. तवाच हे जनमले. मंग ढग आवळत गेला, चपटा झाला. हे मात्र होते तिथंच फिरत राह्यले." शास्त्रज्ञांचा हा नवा विचार त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचला होता. मी ब्रश झटकून बाहेरचे तारे उडवले. ते खूश झाले.

चित्रासोबत प्रयोगही होता. सायकलचं चाक आडवं बसवून त्यावर पिंजलेल्या कापसाचा गोळा ठेवायचा. चाक फिरलं की गोळा चपटा होईल आणि थोडे पुंजके वर राहतील, असा सरांचा हिशेब. परीक्षक साहेब समोर आले. सरांनी उत्साहात चाक असं गरगरवलं की सगळा कापूस उडून साहेबांच्या काळ्या कोटावर, मिशीवर जाऊन बसला.

साहेब शिंकले आणि मग आनंदाने ओरडले, "वा! म्हणजे तारे असे बाहेर फेकले गेले तर! अहो, पहिला नंबर तुमचाच!"

मी सरांचा हात दाबला. व्यर्थ.

"नाही सायेब. कापूस फेकल्या गेला, तारे नाही. ते तिथंच जनमले. आमचा प्रयोग उलटा झाला."

साहेबांनी मिशीतला कापूस काढला आणि पुढच्या टेबलाकडे गेले. दुर्बीण मारेगावच्या शाळेच्या पाणचक्कीला मिळाली.

परतीच्या एसटीत मी रागाने धुमसत होतो. सर मात्र साहेबांची शिंक आठवून हसत होते. मोहदा फाटा गेला तसं त्यांचं हसू ओसरलं. खिडकीबाहेर बघत त्यांनी हळूच विचारलं, "मास्तर, दुर्बीन चांगली होती काय हो?"

"म्हणजे? टेबलावरच तर ठेवली होती. तुम्ही पाहिली नाही?"

"मुद्दामच नाही पाह्यली," सर म्हणाले. "पाह्यली असती तं तोंड उघडलं नसतं."