दत्तूच्या सवयीची बटणं

या सदरातले गूढ अनुभव मी नेहमी वाचतो आणि बहुतेक वेळा चिडतो. अर्धे अनुभव लाइट गेल्यामुळे आलेले असतात, उरलेले अपुऱ्या झोपेमुळे. मी गुलबर्ग्याच्या एका कॉलेजात इतिहास शिकवतो. पुराव्याशिवाय बोलायची सवय नाही. म्हणूनच हे लिहायला मला इतके महिने लागले... आणि लिहितानाही मी थोडा वैतागलेलोच आहे.

माझा धाकटा भाऊ दत्तू हुलसूरला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवायचा. लग्न केलं नव्हतं. माय त्याच्याकडेच राहायची. मागच्या उन्हाळ्यात तो झोपेतच गेला. डॉक्टर हृदय म्हणाले.

दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. समोरच्या बाभळीवर बसून होता, पण खाली येत नव्हता. अशा वेळी गेलेल्याचा जीव कशात अडकलाय ते ओळखायचं आणि त्याला तसा शब्द द्यायचा, अशी आमच्याकडे रीत आहे. मी म्हणालो, "मायला मी बघतो." कावळा ढिम्म. कुणी म्हणालं, दुकानातले मोबाइल ज्याचे त्याला पोचवू. तरी ढिम्म. ऊन तापलं, माणसं चुळबुळ करायला लागली. मग आमचे चुलते, ज्यांना सगळे अप्पा म्हणतात, हात जोडून पुढे झाले. "दत्तू, तुझं ते गेमचं डबडं अर्धं राहिलंय, व्हय ना? ते तुझा अण्णा पुरं करंल बाबा. आता लोकांला जेवू दे."

कावळा उतरला.

अण्णा म्हणजे मी. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. कावळा भुकेला होता आणि बोलून झाल्यावर अप्पा मागे सरकले होते, हे मी तिथेच सांगून पाहिलं. ऐकतो कोण?

डबडं म्हणजे असं — आमच्या घरी लहानपणापासून कॅसेट घालायचा व्हिडिओ गेम होता. दुपारी दुकान बंद ठेवून दत्तू आणि माय तो खेळायचे. तो मोडल्यावर दत्तूने पत्त्यांच्या जोडाएवढा एक छोटा कॉम्प्युटर बोर्ड मागवला. त्यात मेमरी कार्ड घातलं आणि टीव्हीला जोडलं की सगळे जुने गेम स्वस्तात चालतात म्हणे. प्लास्टिकच्या टिफिनच्या डब्यात त्याने तो बोर्ड बसवला होता, दोन रिमोट आणले होते. कार्ड अजून आणलंच नव्हतं. हे लक्षात ठेवा.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण मायच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता, आणखी थांबलात तर अवघड होईल असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी फोन केला.

"माय, ऑपरेशनची तारीख घ्यायलोय."

"डबडं झालं का?"

"डोळ्याचं बोलायलोय मी."

"मी बी त्याचंच बोलायलेय. दत्तूला शब्द दिल्याला हाय. तो पुरा झाल्याबिगर मी डोळ्याला हात लावू देणार न्हाई."

"शब्द अप्पांनी दिलाय."

"नाव तुझं घेतलंय."

तेव्हा मी तो डबा गुलबर्ग्याला आणला. नवं कार्ड विकत आणून घातलं, तर पहिल्यांदा नुसता लाल दिवा लागला. मग कळलं, कार्डावर आधी सिस्टिम चढवावी लागते. ती चढवली, तर पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह — मोबाइलचा चार्जर पुरत नाही. नवा अडॅप्टर आणला, तर आवाज गायब. रोज संध्याकाळी मायचा फोन यायचा. "पीएचडी झालास, आन् एक डबडं चालू व्हयना? कामून?"

शेवटी एकदाचं ते चालू झालं. आणि इथून पुढचं मला समजावून सांगता येत नाही.

नवं कार्ड पहिल्यांदा सुरू झालं की मशीन आधी विचारतं, कोणतं बटण कशासाठी हवं. माझ्या मशीनने विचारलंच नाही. सरळ गेमची यादी दाखवली. एक गेम लावला तर डावीकडच्या बटणांनी माणूस उड्या मारायला लागला आणि उजवीकडच्या बटणांनी चालायला लागला. सगळ्या जगात हे बरोबर याच्या उलट असतं.

सगळ्या जगात... दत्तू सोडून. कडबा कापायच्या मशीनमध्ये त्याच्या उजव्या अंगठ्याचं पेर गेलं होतं. झटपट दाबायची कामं तो डाव्या हाताने करायचा. जुन्या गेमच्या रिमोटमधल्या वायरीसुद्धा त्याने तशाच बदलून घेतल्या होत्या.

मी कार्ड पुसलं, पुन्हा भरलं. तेच. दुसरं कार्ड, दुसरा रिमोट. तेच. हाताने बटणं नीट लावली, तर बंद करून चालू केल्यावर पुन्हा तेच. कार्ड जिथून घेतलं त्या दुकानदाराला विचारलं, ही सेटिंग रिमोटमध्ये असते का?

"नै साब, कार्ड में रहती."

"कार्ड नवं आहे."

"तो तुमीच दबाए होंगे साब. भूल गए होंगे." असं म्हणून त्याने मला आणखी एक रिमोट दाखवला.

कंटाळून मी ते तसंच हुलसूरला नेलं. माय टीव्हीला नाक लावून बसली. तिला दिसत होतं ते फार थोडं. मी म्हणालो, "थांब माय, बटणं चुकीची लागलीत, मी—"

"कुठं चुकलीत?" पडद्यावरचा माणूस खड्डा ओलांडून गेला, मग दुसरा. "दत्तूनं लावल्यावानीच हाईत की."

तिला दुसरी पद्धत माहीतच नव्हती. तिला शिकवलं होतं त्यानेच.

बराच वेळ खेळून तिने रिमोट खाली ठेवला. पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "आता कधी न्यायलास दवाखान्याला?"

ऑपरेशन नीट झालं. माय माझ्याकडे राहायला आली. डॉक्टरांनी टीव्ही बघायची परवानगी दिली त्या सकाळी मी डबा जोडला. पडद्यावर ओळ आली — रिमोटवरचं कोणतंही बटण दाबून धरा.

ज्या प्रश्नासाठी मी दोन कार्डं आणि निम्मी सुट्टी घालवली, तो मशीन आता आपणहून विचारत होतं. कार्ड तेच, रिमोट तोच. मधल्या काळात कुणी हात लावला नव्हता. तांत्रिक माहिती असलेल्या वाचकांनी कृपया कळवावं. आतापर्यंत ज्यांना विचारलं, त्यांचं म्हणणं एकच: तुम्हीच दाबलं असेल.

आतून मायने विचारलं, "चालू झालं का रे?"

"व्हायलंय," म्हणालो. आणि एकेक बटण नेमत गेलो. चालणं उजवीकडे, उडी डावीकडे. मध्येच सवयीने चुकलो, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तेव्हापासून ते तसंच टिकलंय. माय बाहेर आली, रिमोट हातात घेतला आणि काही न विचारता खेळायला लागली.