बाबांनी दिलेली पाटी

“आणि मूळ आडनाव?”

किल्ली माझ्या हातात होती. आयर्लंडमधल्या नास गावातला त्यांचा भाड्याचा दोन बेडरूमचा बंगला घरमालकीण वहिनींनी नुकताच फिरवून दाखवला होता. त्या पुण्याच्या, मिस्टर माझ्यासारखेच डॉक्टर. तोवर सगळं “अगं, आपलंच घर समज” चाललं होतं. मी आडनाव सांगितलं.

“किल्ली द्या जरा. यांना विचारून कळवते.”

माझी लेक ओट्याखालचा प्रेस, म्हणजे इथलं कपाट, उघडून आपला डबा कुठे ठेवायचा ते बघत होती. वहिनींनी ते कपाट लावलं. तिने धरलेली मूठ फडक्याने पुसली. माझ्यादेखत.

पंधरा दिवसांत आमची खोली सोडायची होती. लेकीला घेऊन कुठे जाणार? खोटं आडनाव सांगायला हवं होतं, असं मनात आलं. त्याची आजही किळस येते. तशी मी इथे आडनाव गाळूनच वावरत होते. नागपूरहून निघताना बाबांनी पितळी पाटी करून दिली होती, डॉक्टर, नाव, आडनाव, सगळं कोरलेली. सात वर्षं ती सुटकेसमध्येच.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात मला रडू फुटलं. डॅनिएल माझ्याबरोबर काम करते, काळी अमेरिकन डॉक्टर. माझं सगळं ऐकून तिने मोबाइलवर एक बंगला दाखवला. तिच्या पणजोबांचा. तेही डॉक्टर. गोऱ्यांच्या हॉस्पिटलात त्यांना घेत नव्हते, म्हणून ते घरातच पुढच्या खोलीत पेशंट तपासायचे. दारावरची त्यांची पाटी लोकांनी दोनदा फोडली.

“तिसरी त्यांनी मोठी करून घेतली,” ती म्हणाली. तो बंगला आता ऐतिहासिक म्हणून जपलाय, पाटीसकट.

संध्याकाळी वहिनींचा फोन आला.

“घर देऊ हो. फक्त दारावर आडनाव नको. आजूबाजूला आपलीच मंडळी, उगाच चर्चा.”

‘हो’ अगदी ओठांवर आलं होतं. समोर लेक खोकी भरत होती.

“पाटी लागेल,” मी म्हणाले. “आडनावासकट.”

“मग नाही जमायचं.”

“सो वुई हॅव नो हाउस, मम्मा?” लेकीने विचारलं. नाही मिळालं, म्हटलं. ती रडली. मीही रडले.

अजून घर नाही. दुसऱ्यांच्या घरात एका खोलीत आम्ही दोघी राहतो. लेक अजून माझ्यावर रागावलेली आहे. पाटी आता पर्समध्ये असते. घर बघायला गेले की आधी ती टेबलावर ठेवते. मग खोल्या बघते.