अक्रोडाच्या खुर्चीवरची मांडी

दोन हजारच्या दशकात एका हिवाळ्यात बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे लंडनमधल्या ईलिंगला आले. फ्लॅटमधला सोफा इतका खोल होता, की त्यातून उठताना त्यांना कुणाचा तरी हात धरावा लागे. ते त्यांच्या मनाला फार लागायचं. आमच्या घरमालकीणबाई खालच्याच मजल्यावर राहत. त्यांच्या हे लक्षात आलं आणि त्यांनी आपल्या हॉलमधली जुनी खुर्ची वर पाठवली. अक्रोडाचं लाकूड, उंच ताठ पाठ, माथ्यावर कोरलेली पानं, पिळाचे पाय, वेताची बैठक. त्यांचे दिवंगत पती तीत बसून पेपर वाचत. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन बाबा एकटे उठू लागले.

जेवायला मात्र ते खुर्चीवरच मांडी घालत. सगळा भार गुडघ्या-घोट्यांखालच्या वेतावर येई. एका रविवारी आमटी-भात खाताना वेत फाटला.

"बाबा, मी सांगतो त्यांना."

"मोडली मी, सांगणार तू? नेली परत तर नेली. सोफा आहेच."

पुढचा भात त्यांनी खाल्ला नाही. आम्ही खाली गेलो, खुर्ची मोडल्याचं सांगितलं.

"तुटली कशी?" बाईंनी विचारलं. बाबांनी उत्तरादाखल त्यांच्या कार्पेटवर मांडी घालून दाखवली. बाई हसत सुटल्या.

"खुर्चीत? असं?"

मग त्यांनी सांगितलं, की घडण सतराव्या शतकातल्या धाटणीची असली तरी ही खुर्ची नक्कल आहे, त्यांच्या आजोबांच्या काळात केलेली. नक्षीची वळणं हॉलंड-फ्रान्सकडून आली, वेत पूर्वेकडून जहाजांनी आला. तो फाटतो, नवा घालतात.

मी भाषांतर केलं. बाबांना धीर आला. "म्हणजे वेत आमच्याच बाजूचा!"

"मग त्याला अशा बसण्याची सवय हवी होती," बाई म्हणाल्या.

परक्या शहरात पतीची खुर्ची कुणी अशी वापरायला देतं, आणि ती मोडल्यावरही देतं, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. आज लिहितानाही त्याबद्दल कृतज्ञताच वाटते.

नवा वेत विणून आला. बाईंनी बैठकीच्या चौकटीवर नेमकी बसेल अशी फळी कापून घेतली होती, वर एक उशी. त्या स्वतः फळी आणि उशी घेऊन वर आल्या.

"आता बसा, तुमच्या पद्धतीनं."

बाबांनी मांडी घातली. फळी हलली नाही. थोड्या वेळानं त्यांनी पाय खाली सोडले, हातांवर जोर दिला आणि उभे राहिले, बाईंसाठी चहा टाकायला.