खाडीचा रंग आणि अण्णांचं धोतर

झुंबर पालवेला कोणी भेटलं की ‘बरा आहेस ना’ असं विचारत नाही. लोक विचारतात, ‘ड्रोन आणलाय का?’

वडील पाथर्डीकडून बोईसरला कारखान्यात कामाला आले आणि इथलेच झाले. झुंबरने आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलं, दोन वर्षं मीटर दुरुस्त करण्यात घालवली आणि मग लग्नांचं शूटिंग धरलं. ड्रोन घेतल्यापासून वाणगाव ते सफाळे पट्ट्यात त्याच्याशिवाय वरात निघेना. “नावच झुंबर, मग हा वरच लटकणार,” हा विनोद त्याने इतक्या वेळा ऐकला होता की आता तो हसायचाही नाही, फक्त मान हलवायचा.

ड्रोन आला आणि गावोगावची कामं मागे लागली. कुणाची म्हैस हरवली, वरून बघ. कुणाच्या नारळाच्या झावळ्या शेजारच्या हद्दीत गेल्यात, वरून बघ. एका काकूंना त्यांच्या सुनेने गच्चीवर वाळत टाकलेले पापड मोजून हवे होते.

आणि मग अण्णा आले. अण्णा म्हणजे शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. कारखान्यांतून खाडीत येणाऱ्या रंगीत पाण्याची तक्रार ते चार वर्षं सरकारी प्रदूषण खात्याकडे चालवत होते. फाइल इतकी जाड झाली होती की तिला सुतळी बांधावी लागे.

“हे बघ झुंबर,” अण्णा म्हणाले, “आम्ही लिहितो, पाणी तांबडं येतं. खात्याचे लोक लिहितात, पाहणीच्या वेळी पाणी स्वच्छ आढळलं. आता तू वरून दाखव.”

“अण्णा, मी लग्नं करतो.”

“मग हेही एक कार्य समज.”

अण्णांबरोबर लाडकी होती. खाडीच्या चिखलात निवटी, म्हणजे चिखलावर सरपटणारे छोटे मासे, पकडायची, खडकावरची कालवं फोडायची आणि पालघरच्या बाजारात विकायची, हा तिचा धंदा. झुंबर तयार झाला तो तिच्यामुळे. ती एवढंच म्हणाली होती, “बाजारात बायका माजी कालवं हुंगतात नि परत ठेवतात. आदी असं नव्हतं, भाऊ.”

परवानगी काढता काढता झुंबरच्या नाकी नऊ आले. तारापूरच्या वीज केंद्राभोवतीचा भाग नकाशात लाल. तिथे ड्रोन उडवायचा नाही म्हणजे नाही. खाडीचा वरचा अर्धा भाग त्या लालात गेला. उरलं ते वळणाच्या खालचं पात्र. “थोडं आत गेलं तर कोण बघतंय?” असं अण्णांनी विचारलं, तेव्हा झुंबरने कपाळावर हात मारला. “अण्णा, तुम्हीच नियमासाठी भांडताय ना?”

तरी काम झालं. चैत्री पौर्णिमेनंतरच्या उधाणाला, म्हणजे मोठ्या भरतीला, लाडकीने सांगितलेल्या वेळी झुंबरने ड्रोन वर नेला. भरती फिरली आणि ओहोटीच्या धारेबरोबर विटेच्या रंगाचा पट्टा वळणावरून खाली सरकत आला. लाडकी म्हणाली, “भरती फिरली का येतं. आमाला यंत्र नाय लागत.”

पुढे घडलं ते फक्त लग्नं शूट करणाऱ्याच्याच हातून घडू शकतं.

झुंबरने तीन वर्षं खपून लॅपटॉपमध्ये एक सेटिंग बनवलं होतं. त्याचं नाव ‘नवरी’. चेहरे उजळ, आकाश निळं, पाणी त्याहून निळं आणि सुरुवातीला आपोआप सनई. लॅपटॉपवर कोणतीही क्लिप घेतली की ‘नवरी’ तिच्यावर बसायची. संध्याकाळी वाणगावला हळद होती, म्हणून त्याने घाईघाईत खाडीची क्लिप पेनड्राइव्हवर टाकली, न बघता. आणि प्रत्येक कार्याआधी करायचा तसं ड्रोनचं कार्ड पुसून कोरं केलं.

सुनावणीच्या टेबलावर सनई वाजली. मग पडद्यावर खाडी आली, निळीशार, कडेला हिरवीगार तिवरं.

सुनावणी घेणारे साहेब खुर्चीत पुढे झुकले. “छानच आहे हो. इथे बोटिंग वगैरे आहे का?”

अण्णांनी झुंबरकडे असं पाहिलं, की त्याला आपण आठवीत नापास झाल्यासारखं वाटलं.

“साहेब, हा रंग मी... म्हणजे माझ्या लॅपटॉपने दुरुस्त केलाय. खरं पाणी तांबडं होतं.”

“मूळ क्लिप दाखवा.”

“पुसली.”

साहेबांनी चष्मा काढला. “आज तुम्ही तांबड्याचं निळं केलं. उद्या निळ्याचं तांबडं करून आणाल. रंग खरा कशावरून धरू? अक्षय्य तृतीयेनंतर दोन दिवसांनी पुढची तारीख देतो. तोवर काही आलं नाही, तर ही तक्रार बंद.”

बाहेर पायऱ्यांवर लाडकी म्हणाली, “तुमी आमच्या खाडीला पावडर लावली.”

घरी येऊन झुंबर बायकोवर, लॅपटॉपवर आणि सनईवर चिडला. रुचिता शांतपणे पोहे परतत होती. “पुढचं उधाण कधी?” तिने विचारलं.

“तृतीयेला. दुपारी दीडला भरती.”

“आणि केळव्याचं लग्न?”

“तृतीयेलाच. मुहूर्त सकाळचा, पण दीड वाजता समुद्र भरलेला असताना नवरा-नवरी किनाऱ्यावर, वरून ड्रोन. नवरीच्या मामाने सहा महिन्यांपूर्वी सांगून ठेवलंय.” त्याने डोकं धरलं. “साऱ्या तालुक्याला एकच भरती!”

“मग तू खाडीवर जा. किनारा मी खालून घेते.”

“आणि मामा?”

“मामालाही मीच घेते,” रुचिता म्हणाली.

तृतीयेला एक वाजता झुंबर लग्नाच्या जरीच्या जाकिटात खाडीच्या बांधावर उभा होता. अण्णाही लग्नालाच निघालेले, नवंकोरं पांढरं धोतर नेसून. दीड वाजला. भरती टिच्चून भरली. पावणेदोनला पाणी फिरलं. झुंबरने ड्रोन उडवला. पाणी गढूळ, रोजच्यासारखं.

फोन वाजला. मामा. “अहो, समुद्र भरलाय, नवरी उभी आहे, तुमचा ड्रोन कुठाय?”

“येतोय, येतोय,” म्हणत झुंबरने फोन जाकिटात कोंबला. पहिली बॅटरी संपली, दुसरीही अर्धी झाली. काही नाही. परत मामा.

“लाडके, आज सुट्टी आहे. कारखानेवाले बहुतेक सोडत नाहीत,” तो वैतागून म्हणाला.

“सुट्टीला तपासाया कोन येत नाय, म्हनूनच सोडतील. ड्रोन खाली घ्या, उगा भिरभिर करू नका.” ती चिखलाकडे बघत बसून राहिली. दहा मिनिटांनी तिने बोट दाखवलं. ओल्या चिखलावर लोळणारी निवटी एकेक करून तिवरांच्या मुळांवर चढत होती. “आता उडवा. त्यास्नी आदी कळतं.”

झुंबर ड्रोन उचलणार, तेवढ्यात थांबला. साहेबांचा प्रश्न त्याच्या डोक्यातून गेला नव्हता. रंग खरा कशावरून? चित्रात काहीतरी असं हवं, ज्याचा रंग कोणीही ओळखेल. पांढरं आणि मोठं. त्याने इकडे तिकडे पाहिलं आणि मग अण्णांकडे पाहिलं.

“अण्णा, धोतर द्या.”

“काय?”

“पाण्याच्या कडेला पसरायचंय. धोतर पांढरं दिसलं, तर पाण्याचा रंगही खरा. मी रंग बदलला, तर आधी धोतराचा बदलेल.”

“अरे, मी मुख्याध्यापक होतो!”

“अण्णा, रंग वळणावर आला!”

लाडकीने तोंड फिरवून घेतलं. “आमी नाय बगत. काडा लवकर.”

धोतर चिखलावर पसरलं, चार कोपऱ्यांना चार दगड. अण्णा पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत तिवराआड गेले. उरलेल्या अर्ध्या बॅटरीवर झुंबरने वळणापासून धोतरापर्यंत एक सलग चक्कर मारली. तांबडा पट्टा शुभ्र धोतराला चाटत खाली गेला आणि काठाला वीतभर रंग सोडून गेला. खिशात मामाचा फोन वाजत होता.

या वेळी झुंबरने कार्ड तसंच्या तसं काढलं, रुचिताचं नेलपॉलिश लावून त्यावर खूण केली आणि सुनावणीला कार्डच घेऊन गेला.

साहेबांनी क्लिप दोनदा पाहिली. सनई नव्हती. तिसऱ्यांदा पाहताना त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. “हे तिवरामागे कोण?”

लाडकीने पदर तोंडाला लावला.

“तक्रारदार,” अण्णा ताठ मानेने म्हणाले आणि पिशवीतून डाग पडलेलं धोतर काढून टेबलावर ठेवलं.

साहेबांनी ते पेन्सिलीच्या टोकाने उलटून पाहिलं. “हा नमुना मला धरता येणार नाही. नमुना आमचा माणूस घेईल. पण तक्रार बंद करत नाही. पाहणी लावतो, भरती फिरतानाची. पाणी वरून येताना दिसलं पाहिजे, म्हणजे माणूस नेमक्या वेळी नमुना भरेल. ड्रोन लागेल. पुढचं उधाण कधी?”

लाडकीने बोटांवर मोजलं. “पुनवेच्या दुसऱ्या दिशी. बाराच्या नंतर.”

सगळ्यांनी झुंबरकडे पाहिलं. त्याने डायरी उघडली. त्या दिवशी दोन लग्नं आणि एक साखरपुडा होता.

“एखादं पुढं ढकलता नाही येणार?” अण्णांनी विचारलं.

“लग्न पुढं ढकलू, अण्णा? मी?”

तेवढ्यात फोन वाजला. झुंबर पायऱ्यांवर आला. मामाच होता. “ड्रोन नाही तो नाहीच, पण निदान तुमच्या बाईंनी घेतलंय त्यात समुद्र फार मळकट दिसतोय हो. निळा करता येईल का?”

झुंबरने दाराकडे पाहिलं. लाडकी बाहेर येऊन पायरीवर बसली होती आणि पाटीतली कालवं ओल्या फडक्याने झाकत होती.

“तुमचा करता येईल,” तो म्हणाला, आणि पुढचं काही बोलायच्या आत आतून अण्णांची हाक आली: डायरी घेऊन ये, साहेब वेळ लिहून घेताहेत.